बाकड्यावरचा गोलकीपर

किस्से गोळा करायला कुठे जावं लागत नाही, नुसतं बसावं लागतं. आइस हॉकीच्या संघात दोन गोलकीपर असतात. एक खेळतो. दुसरा हेल्मेट, पॅड, हातमोजे असा सगळा सरंजाम चढवून बाकड्यावर बसतो. मी नऊ वर्षं दुसरा होतो. समोर बर्फ, थंडी फुकट आणि काम शून्य. किस्से साचतील नाही तर काय होईल?

*

बाबा जर्मनीत झिंडेलफिंगेनला गाड्यांच्या कारखान्यात, क्वालिटी तपासणीला. आम्ही पुण्याहून आलो तेव्हा मी सात वर्षांचा होतो. घरात जर्मन बोललं की आई ताट वाढायची नाही, म्हणून माझी मराठी टिकली. बाबांचं सगळं ठरलेलं होतं, मी गार्चिंगच्या विद्यापीठात मेकॅनिकल करणार. ॲडमिशन मिळालीसुद्धा. त्याच आठवड्यात मला अठरा पूर्ण झाली आणि मी बव्हेरियातल्या एका सेकंड डिव्हिजनच्या क्लबशी करार करून घरी आलो.

बाबा ओरडले नाहीत. घर सोडायला चार महिने होते, तेवढे चार महिने ते माझ्याशी आईमार्फत बोलले. "त्याला सांग, मीठ दे म्हणावं." मी मीठ हातात धरून समोरच बसलेलो असायचो.

*

माझा पहिला सामना केवळ दुसऱ्याच्या पोटामुळे झाला. आमच्या पहिल्या नंबरच्या गोलकीपरला भलतंच काहीतरी बाधलं होतं. कोच मला बोलवायला आला तेव्हा मी आईने दिलेल्या चकल्या खात होतो.

चौदाव्या सेकंदाला गोल! पलीकडच्या टोकावरून कुणीतरी नुसती ढकललेली रबराची चकती डुलत डुलत आली आणि माझ्या दोन पायांमधून आत गेली. मध्यंतरात कोचने पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "आल्झो, चला, आता घाबरायला काही उरलं नाही."

खरंच उरलं नव्हतं. पुढचे चार गोल मी अगदी शांतपणे खाल्ले.

*

पुण्याहून काका आले, तेव्हा आई त्यांना कौतुकाने सामना दाखवायला घेऊन आली. साठ मिनिटं ते मला बाकड्यावर बघत होते. संपल्यावर त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, एवढं सगळं अंगावर घालून नुसतं बसायचं? मी म्हटलं, हो. आणि त्याचा पगार? म्हटलं, हो. काकांनी माझे पॅड बोटाने दाबून बघितले. "उगाच नाही प्रगत देश म्हणत," ते म्हणाले.

आईने ते ऐकलंच, तिला लागलं. ती लगेच म्हणाली, "पण बसलेला किती छान दिसतो."

*

स्टुटगार्टकडच्या मंडळाच्या गणपतीत बाबा माझी ओळख करून द्यायचे ती 'स्पोर्ट्स मॅनेजमेंटमध्ये आहे' अशी. एका वर्षी उंटरश्लाइसहाइमहून आलेल्या एका सॉफ्टवेअरवाल्याने चौकशी केली, की मग टूल कुठलं वापरता?

मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, "एक्सेल."

तो गृहस्थ आदराने मान हलवत मोदक आणायला गेला. मला तेव्हा हसू आवरेना, पण गाडीत बसल्यावर वाईट वाटलं. आपल्या बापाला आपलं काम लपवावंसं वाटतं, हे काही बरं नाही.

*

सत्ताविसाव्या वर्षी गुडघा गेला. बाकड्यावर बसून गुडघा कसा जातो ते मला विचारू नका, डॉक्टरांनाही कळलं नाही. मग मी एका क्लबात स्काउटच्या जागेसाठी गेलो. स्काउट म्हणजे गावोगाव हिंडून दुसऱ्यांची लेकरं हेरणारा माणूस. तिथले मॅनेजर हेर (म्हणजे श्रीयुत) ब्रांडल यांनी अनुभव विचारला. मी म्हटलं, नऊ वर्षं मोक्याच्या जागेवरून सगळे सामने बघितलेत.

"गेनाऊ, अगदी बरोबर," ते म्हणाले. मी केलेली थट्टा त्यांना कळली नाही आणि मला सहा महिन्यांच्या प्रोबेत्साइटवर, म्हणजे परीक्षाकाळावर, नोकरी मिळाली. अट एकच होती. महिला संघासाठी एक गोलकीपर मिळवायची. तिची सही झाली तर मी कायम, नाही तर मला नारळ.

*

पाचव्या महिन्यात लेना सापडली. वय सतरा, मुलांच्या संघात गोलकीपर, आणि मी बघायला गेलो त्या दिवशी तिने सहा गोल खाल्ले. शेजारी दुसऱ्या क्लबचा स्काउट होता, तो चौथ्या गोलला लॅपटॉप मिटून निघून गेला.

आमच्या धंद्यात गोलकीपरने काय अडवलं ते कुणीही बघतं. गोल खाल्ल्यावर ती काय करते ते बघायचं असतं. काही जण काठी आपटतात, काही जण बचावपटूवर खेकसतात, काही जण आईकडे बघतात. लेनाने सहाही वेळा पाण्याचा घोट घेतला आणि परत जागेवर उभी राहिली. सहाव्या वेळी तर तिने चुकलेल्या बचावपटूलाही पाणी दिलं.

मी रिपोर्ट लिहिला. ब्रांडल म्हणाले, सहा गोल खाल्लेली पोरगी तुला हवी? तू स्वतः किती खायचास?

म्हटलं, "खेळवलं असतं तर सांगितलं असतं."

*

लेना तयार होती, पण ती सज्ञान नव्हती. सही वडिलांची लागणार होती आणि वडील, हेर वेबर, ठाम नाही म्हणत होते. घर सोडायचं, हॉकीसाठी दुसऱ्या शहरात राहायचं आणि जमलं नाही तर पुढे काय? मी फोनवर माझं उदाहरण दिलं. ती चूकच झाली.

मग त्यांनी माझं आडनाव पुन्हा विचारलं. निघालं असं, की ते बाबांच्याच कारखान्यातले. बाबांनी त्यांचे पार्ट वीस वर्षं तपासले होते आणि शंका आली की परत पाठवले होते. ते म्हणाले, त्या माणसाने खराब माल कधी पास केला नाही, त्यालाच घेऊन या, मी त्याच्याशी बोलेन.

प्रोबेत्साइट मंगळवारी संपत होता. रविवारी दुपारी मी बाबांना गाडीत घातलं. वाटेत म्हटलं, बाबा, दोन शब्द बरे बोला, माझी नोकरी आहे. बाबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, मी खोटं बोलणार नाही.  

वेबरांकडे कॉफी झाली, केक झाला. करार टेबलावर होता. लेना दाराशी उभी होती. वेबरांनी कप खाली ठेवला आणि बाबांना सरळ विचारलं, "हेर लिमये, आज तुमचा मुलगा पुन्हा अठरा वर्षांचा झाला आणि त्याने हेच विचारलं, तर तुम्ही परवानगी द्याल?"

बाबांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, परत घातला. एखादा पार्ट हातात घेऊन बघावा तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"नाही," ते म्हणाले.

मी करार उचलायला हात पुढे केला.

"तेव्हाही दिली नव्हती, तरी हा गेलाच," बाबा म्हणाले.

वेबरांनी वळून दाराकडे बघितलं. लेना पेन घेऊन आली होती. त्यांनी ते तिच्या हातातून घेतलं आणि करार स्वतःकडे ओढला.