डिकीतली शिट्टी

आमचे हे, म्हणजे शेखर, नाशिकरोडला गाड्यांच्या डिकीत वूफरचे बॉक्स बसवतात. मूळचे सुतार. आधी पलंग, कपाटं करायचे; मग तयार फर्निचरची दुकानं झाली आणि ह्यांनी गाड्यांकडे मोर्चा वळवला. बारा वर्षं झाली त्याला. पुठ्ठा कापून डिकीचं माप घ्यायचं, स्टेपनी निघेल एवढी जागा सोडायची, जाड एमडीएफचा बॉक्स ठोकायचा आणि शेवटी गाडीत बसून फुल आवाजात वाजवून बघायचं. हे शेवटचं काम ह्यांनीच करायचं, दुसऱ्या कुणावर विश्वास नाही. त्यातच कान गेले.

गेले म्हणजे पुरते नाहीत. जाड आवाज येतो, बारीक येत नाही. तोंडासमोर ठणकावून बोललं तर समजतं. कुकरची शिट्टी नाही, दारावरची बेल नाही. दीड वर्ष मी मागे लागलेय, कान दाखवून घ्या. तर म्हणे, "मला काय धाड भरलीय?" वर मलाच बजावलेलं, बाहेर एक अक्षर काढायचं नाही. बहिऱ्याकडून बॉक्स कोण करून घेईल? झाकली मूठ सव्वा लाखाची. मीही गप्प बसले. पण कंटाळा आला हो, एकेक गोष्ट चारदा सांगून. कोथिंबीर आणा म्हटलं की 'हो' म्हणायचे आणि हात हलवत यायचे.

परवा दुपारी डबा घेऊन दुकानात गेले, तर ओझरचा हर्षल गाडी परत घेऊन आलेला. फॅक्टरीत नोकरीला आहे, आठवड्यापूर्वीच बॉक्स बसवून नेला होता.

"काका, आतून शिट्टीसारखा आवाज येतो," तो सांगत होता.

हे डिकीवर तळहात ठेवून उभे. "कुठे येतो? बॉक्स ठणठणीत आहे. तुझं गाणंच फालतू असेल."

गाणी बदलून तीनदा वाजवलं. मी डबा धरून तिथेच. बॉक्समधून कुठूनतरी हवा सुटत होती आणि प्रत्येक ठोक्याला बारीक शिट्टी वाजत होती. रस्त्यावरच्या माणसालाही आली असती ऐकू. हर्षल बिचारा सज्जन, त्याला वाद घालायचा नव्हता. हेच चिडले आणि गाणं बंद करून माझ्याकडे वळले.

"शैला, तू सांग. येतोय आवाज?"

मला विचारायला नको होतं. सोळा वर्षांच्या संसारात मी ह्यांना चारचौघांत कधी खोटं पाडलेलं नाही. नाही म्हटलं असतं तर पोरगा निमूट गेला असता, पुन्हा आला नसता. हो म्हटलं तर ह्यांची लाज जाणार. पण खरं सांगू? तेव्हा एवढा विचार मी केलाच नाही. मी दमले होते.

"येतोय," मी म्हटलं. "मघापासून येतोय. तुम्हाला ऐकू येत नाही."

हर्षलनं मान खाली घालून मोबाईल काढला. ह्यांनी गणपतीच्या फोटोपुढची उदबत्ती पेटवली, गाणं पुन्हा लावलं आणि उदबत्ती बॉक्सच्या सांध्यांवरून हळूहळू फिरवली. खालच्या कोपऱ्यात धूर थरथरला. तिथे पेन्सिलीनं खूण केली.

"उद्या संध्याकाळी ने," हर्षलला एवढंच म्हणाले. तो गाडी ठेवून रिक्षानं गेला.

मग हे डबा उघडून बसले. मला वाटलं, आता मला बोलणी बसणार. बसली असती तर बरं झालं असतं. दोन घास खाल्ले आणि विचारतात, "वेदिकाचा आवाज आता कसा झालाय गं?"

वेदिका आमची मुलगी, आठवीत आहे.

"म्हणजे?"

"ती बोलते तेव्हा मला नुसते ओठ हललेले दिसतात. मी आपला हो, हो म्हणतो. सहावीत होती तेव्हाचा आवाज आठवतो मला."

आणि ती पोरगी बाबा लक्षच देत नाहीत म्हणून रुसायची, आणि मी ह्यांनाच फाडून खायची. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. रागही आला, की मेलं हे मला तरी सांगायचं होतं.

"थोडा घोगरा झालाय," मी म्हटलं. मग डब्याकडे बघतच पुटपुटले, "उद्या सकाळी कानाच्या डॉक्टरकडे जायचं. गाडी नंतर."

ह्यांनी सवयीनं मान डोलावली.

"ऐकलंत का मी काय म्हटलं ते?" मी मान वर करून ठणकावून विचारलं.

हात डब्यातच थांबला. "नाही," हे म्हणाले. "पुन्हा सांग."