माग न सोडणारी वाट

त्या वर्षी मी बारामतीच्या एका शाळेत विज्ञान शिकवत होते आणि एका निवृत्त नर्सच्या घरी भाड्यानं राहत होते. सगळे त्यांना सिस्टर म्हणत. मोतीबिंदूमुळे त्यांना वाचता येत नसे, म्हणून संध्याकाळी मी त्यांना त्यांचं ख्रिस्ती धर्मशास्त्र वाचून दाखवायची. त्यात यहुद्यांचं जुनं शास्त्र होतं आणि त्यातल्या एका भागाच्या अखेरीस कुणा एका माणसाच्या वचनांचं छोटंसं प्रकरण. त्याचं नाव दिलंय, बापाचं नाव दिलंय, बस्स. तो कुठला, काय करायचा, कुणालाच ठाऊक नाही. सिस्टरांचा तो फार लाडका होता.

मला तो पटत नव्हता. आपल्याइतका अडाणी कुणी नाही, असं तो सुरुवातीलाच सांगतो. पुढं म्हणतो की आभाळातून जाणारा पक्षी, खडकावरून जाणारा साप, पाण्यातून जाणारी नाव, यांची वाट आपल्याला उमगत नाही.

"उमगत नाही, तर शास्त्रात कशाला घातलं याला?" मी एकदा विचारलं.

सिस्टर हसल्या. "वाच गं तू," एवढंच म्हणाल्या.

त्या मे महिन्यात उजनीचं पाणी फार खाली गेलं. धरणात बुडालेली जुनी गावं उघडी पडली. सिस्टरांचं माहेर त्यातलंच. त्यांना एकदा तिथं उभं राहायचं होतं. भिगवणला एसटी बदलून, महामार्गावर उतरून आम्ही दोघी भर दुपारी चालत खाली गेलो.

वारा अजिबात नव्हता. तडकलेला गाळ, शिंपल्यांचा खच आणि मध्ये घरांची नुसती जोती. एवढ्या मोकळ्या जागेत एक पाखरू बोलत नव्हतं. सिस्टरांनी माझ्या खांद्यावरचा हात काढला आणि त्या एकट्याच पुढं निघाल्या. जिथं भिंत उरली नव्हती तिथंही त्या कोपरा धरून वळल्यासारख्या वळायच्या. एका ओट्यापाशी थांबल्या, पदरानं दगड पुसला आणि पाय सोडून बसल्या.

मी शेजारी बसले, तोच घंटा ऐकू आल्या. मेंढरांच्या गळ्यातल्या. मी धनगराच्या घरातली, तो आवाज मला झोपेतही कळेल. मग खुरांची दबकी धपधप, कोकरांचं ओरडणं, लोकरीचा उग्र वास. सगळं जवळ येत गेलं आणि ओट्यासमोरच्या बोळातून चाललं. बोळ रिकामा होता.

सिस्टरांनी वाट द्यायला पाय वर घेतले.

तेवढ्यात कळपामागून हाक आली. टाळ्याला जीभ लावून दोनदा टक् टक् आणि मग खालच्या पट्टीतली लांब शीळ. ती हाक माझ्या वडिलांची, आबांची होती. दुसऱ्या कुणाची तशी मी कधी ऐकली नाही.

"बराच मोठा कळप दिसतोय," आवाज पाण्याकडं विरल्यावर सिस्टर म्हणाल्या.

"सिस्टर, इथं मेंढरं नाहीत. एकही नाही. आणि ती हाक आमच्या आबांची."

मी बोळात उतरले. तिथला गाळ अजून ओला होता, बगळ्याची बोटंसुद्धा त्यात उमटली होती. खुराचा ठसा एकही नव्हता.

"काय होतं हे? तुमच्या शास्त्रात काही असेल ना?"

"असेल. मला माहीत नाही, बाळ." त्यांनी माझा हात धरला. "तुझे आबा कुठं असतात? चल, आधी तिकडं जाऊ."

इंदापूरहून जीपनं शेळगावला पोचेपर्यंत माझ्या मनात एकच भीती होती. आबा अंगणात दोरखंड वळत बसले होते. मला बघून म्हणाले, "आज कशी काय आलीस?" मी तिथंच खाली बसले.

सगळं सांगितलं. आबांनी कळप विकून ऊस लावल्याला बरीच वर्षं झाली होती. ते हसले नाहीत. दोरखंड बाजूला ठेवून म्हणाले, "कुणीकडं चालली हुती?"

"पाण्याकडं."

"तितनंच आमी नदी उतरायचो. धरण व्हायच्या आदी."

"मग ते काय हुतं, आबा?"

"मला न्हाय ठावं," म्हणाले आणि पुन्हा दोरखंड वळायला लागले.

मी मनातल्या मनात कारणं लावत राहिले. ऊन, वारा, पलीकडच्या काठाचा आवाज. वारा नव्हता. पलीकडचा काठ नजरेतही नीट येत नव्हता. शेवटी मीसुद्धा पुटपुटले, "मला माहीत नाही." वर्गात इतकी वर्षं शिकवताना हे वाक्य मी कधी उच्चारलं नव्हतं. म्हणताच जीव थोडा भांड्यात पडला.

ऊन उतरल्यावर सिस्टरांनी पिशवीतून पुस्तक काढलं आणि मी तेच प्रकरण वाचायला घेतलं. या वेळी तो माणूस मला कमीपणा घेणारा वाटला नाही. त्यानं कुठंतरी असंच काही पाहिलं असावं आणि घाबरूनही खोटं कारण दिलं नसावं. आबा चहाचा कप हातात धरून ऐकत होते.

"ह्यो कुठला म्हणायचा?" त्यांनी विचारलं.

"कुणालाच माहीत नाही, आबा," सिस्टर म्हणाल्या.

"मेंढरं हुती का त्याच्याकडं?"

"तसं काही लिहिलेलं नाही."

"असतील," आबा म्हणाले. "वाच म्होरं."