खारीला घेऊन लातूर-नांदेड

लेक म्हणाली, "आई, तू नाही आलीस तरी चालेल, खारीला आण." त्या एका फोनवर ही सहल ठरली. ऋजुता लातूरला मेडिकलच्या क्लासला आहे आणि खारी म्हणजे आमची गोल्डन रिट्रीव्हर. मार्च संपत आला होता. नवऱ्याला सुट्टी नव्हती, म्हणून मी आणि खारी दोघीच कोल्हापुरातून पहाटे निघालो. मागच्या सीटवर तिची गादी, पाण्याच्या बाटल्या, उकडलेलं चिकन आणि तिचा ब्रश. कुत्र्याला कसं वागवावं याबद्दल माझी मतं पक्की आहेत. सोसायटीत लोक मला बघून आपल्या कुत्र्याचा पट्टा नीट धरतात.

सोलापूरपर्यंत रस्ता छान आहे. तुळजापूर सोडल्यावर मात्र ऊन अंगावर येतं, तेव्हा कुत्रा बरोबर असेल तर दुपारच्या आत लातूर गाठा. औशाच्या अलीकडे चहाला थांबले. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर नव्याने वसवलेलं गाव होतं ते. रस्ते सरळ, घरं एकसारखी, प्रत्येक दारात आता मोठी झालेली कडुलिंबाची झाडं. टपरी चालवणाऱ्या आजींचा काळा कुत्रा थेट डांबरी रस्त्यावर हुंदडत होता. गळ्यात पट्टा नाही, काही नाही. एक ट्रक त्याला अगदी घासून गेला आणि माझा तोल सुटला.

"आजी, बांधत का नाही त्याला? मरेल एखाद्या दिवशी!"

आजींनी चहा गाळता गाळता माझ्याकडे पाहिलं. "आमच्या घरात न्हाई बांधत कुनाला."

"अहो, पण प्रेम असेल तर..."

"बांधला व्हता की एक," त्या म्हणाल्या. "गणपती बुडवून आलो आन् झोपलो. पहाटं भुई हालली. आमी पळालो भाईर. त्यो गोठ्यात, दाव्याला. वरडत व्हता. भित पडली तसा गप झाला." त्यांनी कप माझ्या पुढे ठेवला. "तवापासून कुनाच्याच गळ्यात दावं न्हाई. गायीच्या बी न्हाई."

आजींनी स्वतःच विषय बदलला. खारीकडे बघून म्हणाल्या, "हिला लई केसं हायती गं. या उन्हात घोंगडं पांघरून आनलीस व्हय?" वाडग्यात पाणी ठेवलं, आणि चहाचे पैसे घ्यायला हात पुढे केला. गाडी सुरू केली तेव्हा काळा कुत्रा पुन्हा रस्त्याच्या मधोमध उभा होता. तरीही मला वाटत राहिलं, निदान गाड्यांच्या वेळेला तरी बांधावं. आजही वाटतं. फक्त त्या आजींना ते पुन्हा सांगायची माझी हिंमत नाही.

लातूरमध्ये कुत्र्यासकट खोली मिळणं अवघड आहे, हे जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. शनिवार-रविवारी लॉज मुलांना भेटायला आलेल्या पालकांनी भरलेले असतात. तीन ठिकाणी नकार मिळाल्यावर ऋजुताच्या खोलीमालकीण काकूंनीच खालची रिकामी खोली दिली. क्लासच्या त्या भागात जिकडे बघावं तिकडे पाठीवर दप्तर, हातात झेरॉक्स आणि भिंतीभर पहिल्या आलेल्या मुलांचे फोटो. मेसमध्ये ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी इतकी चांगली होती की मी दोनदा मागून घेतली.

ऋजुता आली ती सरळ पायरीवर बसली आणि खारीच्या मानेत तोंड खुपसून राहिली. बराच वेळ. मला वाटलं, लाड चाललेत. मग तिचे खांदे हलताना दिसले.

तेवढ्यात एक तांबडा गावठी कुत्रा आला. एका कानाचा तुकडा उडालेला. वरच्या मजल्यावरून मुली ओरडल्या, "रिपीटर! ए रिपीटर!" नाव असं का, तर हाकललं तरी तो पुन्हा पुन्हा येतो, आणि दुसऱ्यांदा परीक्षा देणाऱ्या, म्हणजे रिपीटर मुलींच्या खोलीबाहेर झोपतो. कुणी बिस्किटं टाकली, कुणी मेसमधली पोळी. त्याचा मालक कोण, तर सगळ्याच जणी. म्हणजे कुणीच नाही. मी सुरू झाले. "बिस्किटं देऊ नका. इंजेक्शन दिलंय का? जंतांचं औषध? जबाबदारी घ्यायची नाही आणि लाड मात्र करायचे!"

काकू म्हणाल्या, "ताई, मीबी त्याला हाकलतच होते सुरवातीला. पन पेपर कसा गेला ते पोरी त्यालाच सांगतात. मला न्हाई सांगत."

ऋजुताने डोळे पुसले. "आई, टेस्टचा निकाल लागला की आमच्यातली कुणीतरी याच्याजवळ येऊन बसतेच. मागच्या महिन्यात मी रोज बसत होते."

"रोज? मला का नाही सांगितलंस?"

"तू सगळ्यांना मार्क देतेस, आई. कुत्रा पाळणाऱ्यांनासुद्धा. इथे दिवसभर तेच चालतं."

मी तिच्याशेजारी पायरीवर बसले. विचारलं, "घरी यायचंय का?"

"नाही. अभ्यास जमतोय. फक्त कमी मार्क पडले तरी फोन करता यायला हवा."

"कर," मी म्हटलं. त्या संध्याकाळी आम्ही अभ्यासाबद्दल काहीच बोललो नाही. सकाळी मुलींनी वर्गणी काढून रिपीटरला रिक्षात घातलं आणि आम्ही त्याला इंजेक्शन देऊन आणलं. तो डॉक्टरांना चावला नाही, मला मात्र चावायला धावला.

लातूरहून अहमदपूर, लोहा करत नांदेड. तिथे माझी कॉलेजची मैत्रीण संघमित्रा राहते, जिल्हा परिषदेत नोकरीला आहे. तिच्या शेजारी रफिकभाईंचं सोफे शिवायचं दुकान आणि मागे घर. त्यांचा कुत्रा शेरू दुकानाच्या फरशीवर बसून असायचा. घराचा उंबरा आला की आपोआप थांबायचा. "आमच्यात कुत्रं घरात घेत न्हाईत ताई, नमाज असते," रफिकभाईंनी सहज सांगितलं. रात्री मी संघमित्राला म्हटलं, "मग पाळायचा कशाला? बाहेरच ठेवायचा तर?" ती म्हणाली, "तू झोप आता."

दुसऱ्या दिवशी विष्णुपुरीचं धरण बघायला गेलो. पाणी बघून खारी वेडी झाली, पळून पळून दमली. परत येताना माझ्या गाडीचा एसी बंद पडला. घराशी पोहोचलो तर तिला उतरताच येईना. जीभ बाहेर, डोळे फिरलेले. मी तिच्यावर पाणी ओतत होते आणि संघमित्रा डॉक्टरांना फोन लावत होती. तापलेल्या गाडीपेक्षा उघडी बरी म्हणून तिने रिक्षा थांबवली होती. पस्तीस किलोचं धूड आम्हा दोघींना हलेना.

रफिकभाई कात्री टाकून धावत आले. पांढरा सदरा, दुपारच्या नमाजला निघण्याच्या बेतात. त्यांनी खारीला उचलून छातीशी धरलं. तिची लाळ त्यांच्या बाहीवरून खाली गळत होती.

"भाई, तुमची नमाज..."

"आंगोळ करीन, कपडे बदलीन. पानी हाय की घरात! तुमी दार उघडा रिक्षाचं."

दवाखान्यात सलाईन लागलं. दोन तास मी तिचा पंजा धरून बसले होते. डॉक्टर म्हणाले, थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं. पुढचे तीन दिवस संघमित्राने आम्हाला हलू दिलं नाही. रफिकभाईंच्या बायकोने डबाभर तहरी, म्हणजे मसालेभात, पाठवली, आणि खारीसाठी वेगळा, बिनमसाल्याचा भात. शेरूसाठी त्या रोज तसाच वेगळा शिजवतात, हे मला तेव्हा कळलं. त्याच्या जागेवर छोटा पंखा होता. तो मी आधी पाहिलाच नव्हता.

परतीचा प्रवास आम्ही अंधार पडल्यावर केला.

घरी येऊन महिना झाला. ऋजुताचा फोन येतो, कधी हसरा, कधी रडका. खारी ठणठणीत आहे. आमच्या तळमजल्यावर नवा भाडेकरू आलाय, त्याचा बीगल दिवसभर गॅलरीत केकाटतो. परवा रागाने खाली गेले. दार उघडलं ते लाल डोळ्यांच्या पोरसवदा माणसाने. "सॉरी काकू, रात्रपाळी असते. झोप लागली होती."

मी तोंड उघडलं आणि विचारलं, "सकाळी मी फिरवून आणू का याला?"

तेव्हापासून दोघांना घेऊन निघते. बीगल एकीकडे, खारी दुसरीकडे, मी मध्ये ताणलेली. काल बागेत एका अनोळखी बाईंनी मला थांबवून चांगलंच सुनावलं, "अहो, जमत नाही तर दोन-दोन कुत्री पाळता कशाला?"

"चुकलंच," मी म्हटलं, आणि दोघं मला ओढत पुढे घेऊन गेली.