उजवा हात आधी

आदरणीय वसंतराव इंगळे सर पंच्याहत्तर वर्षांचे झाले आणि या गौरवग्रंथात त्यांच्याविषयी लिहायचं काम माझ्याकडे आलं. याचा मला किती अभिमान वाटतो ते सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे पुढे मोजूनमापून लिहिल्याचं सोंग करायला नको.

सरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या गावी, उंद्रीत, भीमजयंतीच्या गाण्यांच्या कार्यक्रमात. मी तेव्हा नववीत होते. पिंपळगाव राजाहून आलेल्या पार्टीत पांढरा सदरा घातलेले एक गृहस्थ मांडीवर गिटार आडवी घेऊन बसले होते. डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून सरकत होती आणि गिटार गायिकेच्या मागोमाग माणसासारखी गात होती. कार्यक्रम संपल्यावर मी बाबांना ओढतच त्यांच्यापुढे नेलं आणि म्हणाले, "मले बी कांडी फिरवाले शिकवा."

सर हसले. "कांडी कोनालेही फिरवता येते, पोरी. आंधी उजवा हात तयार करा लागते. येशील का?"

दर रविवारी खामगावला एसटी बदलून मी पिंपळगाव राजाला जाऊ लागले. पहिला धडा गिटारीवर झालाच नाही. कापसाची वेचणी सुरू होती. सरांनी मला शेतात नेऊन त्यांच्या आईंच्या शेजारी उभं केलं. "अंगठा आन् दोन बोटं. बोंड हालू नये, पाला येऊ नये, कापूस तेवढा हातात यावा." मी ओढून काढायची, तर कापसाबरोबर वाळका पाला हमखास यायचा. आजी माझ्या ओटीतला कापूस बघून म्हणायच्या, "ही पोरगी कापूस वेचते का गवत?" दुपारनंतर सरांनी गिटारीपुढे बसवलं. अंगठा जाड तारांवर, तर्जनी आणि मधलं बोट आळीपाळीनं बारीक तारांवर. "तार बी तशीच वं. दाबाची नाही, ओरबाडाची नाही. अल्लाद उचलून सोडून द्याची." शिवाय प्रत्येक सूर वेळेवर मिटवायचा, तळहाताची कड तारांवर हलकेच टेकवून. तसं केलं नाही, तर कांडी एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना मधली सगळी कोल्हेकुई ऐकू येते. पुढे कितीतरी रविवार माझा डावा हात नुसता मांडीवर बसून होता. मी फार चिडायची. आज माझे विद्यार्थी याच कारणावरून माझ्यावर चिडतात, तेव्हा मला मनातून फार बरं वाटतं.

तार छेडायला बोटांत घालायच्या नख्या मोठ्या माणसांच्या मापाच्या असत. माझ्या अंगठ्यावरून प्लास्टिकची नखी सारखी घसरायची. सर ती उकळत्या पाण्यात बुडवायचे, मऊ झाली की माझ्या अंगठ्याच्या मापानं वळवायचे आणि थंड होईपर्यंत चिमटीत धरून बसायचे. बाजूला सरांच्या पत्नी, आमच्या काकू, चहाचं पातेलं घेऊन ताटकळत. "आमच्या घरी चहाच्या आंधी नखीचं पानी उकयते," म्हणायच्या. पण बसमधून आलेल्या मुलीला त्यांनी कधी उपाशी परत पाठवलं नाही.

साथ कशी करावी हेही मी सरांकडून शिकले. खामगावच्या एका कार्यक्रमात एक नवखी गायिका घाबरून ओळच विसरली. सरांनी आधीच्याच ओळीचा सूर हळुवार लांबवत नेला, तिला दम घेऊ दिला आणि ती गाऊ लागताच उजवा हात तारांवर टेकवून गप्प झाले. आयोजक नंतर गिटारीच्या त्या तुकड्याचं कौतुक करायला आले. सर म्हणाले, "बाईनं मले जागा देली म्हनून वाजवलं." ती मुलगी आजही गाते.

मागच्या वर्षी सरांना अर्धांगवायूचा सौम्य झटका आला. बोलणं परत आलं, चालणं परत आलं, डाव्या हाताची पकड मात्र आली नाही. कांडी हातातून गळून पडू लागली. काकूंचा फोन आला, "संध्ये, यायनं गिटार पेटीत घातली. जेवन बी बराबर करत नाहीत."

मी गेले, तर सरांनी ती पेटीच माझ्यापुढे सरकवली. "ने बाई. माह्यं वाजवनं झालं."

मला रडू यायला हवं होतं. आला राग. "मी नाही नेत," असं म्हणून मी गिटार काढली, चौरंगावर आडवी ठेवली, सरांच्या डाव्या अंगाला बसले आणि कांडी हातात घेतली. "उजवा हात तर शाबूत हाये ना, सर? मंग?"

सरांनी आपल्या उजव्या हाताची बोटं उघडमीट करून पाहिली. मग त्यांनी काकूंना नख्या आणायला सांगितल्या. सरांनी तार छेडली, माझी कांडी उशिरा पोचली आणि असा काही आवाज निघाला की अंगणातलं कुत्रं उठून गेलं.

"काऊन वं, झोपली का तू? मी तार सोडाच्या आंधी सुरावर पोच ना!"

मी चपापले. काकू मात्र दारात उभ्या राहून पदरानं डोळे पुसत हसत होत्या. "रागावले! आता बरे होतीन हे."

तेव्हापासून आम्ही एका गिटारीवर दोघं वाजवतो. शिकवून मुरलेला माझा डावा हात पुन्हा विद्यार्थी झाला आणि रोज बोलणी खातो. मी नसते तेव्हा दुसरं कुणी शिष्य त्या जागेवर बसतं. त्यासाठी आमच्यात भांडणंही होतात. हिवरा आश्रमाच्या कार्यक्रमात सरांनी असेच बसून भैरवी वाजवली, तेव्हा त्यांची शिष्या असल्याचा जो अभिमान मला वाटला, तो मला लिहिता येत नाही.

सरांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. काकूंची साथ लाभो, भूक लागो, राग येत राहो. सर, तुम्ही तार छेडत राहा. डाव्या हाताला आम्ही आहोत.