हिरव्या बांगड्या

सुकटीचा वास आला की मला आमच्या डोंबिवलीच्या चाळीतली रविवारची दुपार आठवते. मजल्यावर टीव्ही फक्त आमच्याकडे, त्यामुळे सगळी पोरं आमच्या फरशीवर, आणि पाटी बाहेर ठेवून उंबऱ्यात बसलेली मासळीवाली मावशी. तिचा नवरा दोन पावसाळ्यांपूर्वी खाडीत गेलेला, परत आली ती नुसती होडी. आमच्या उडणाऱ्या सुपरहिरोचा एकही भाग ती चुकवत नसे. त्या रविवारी खलनायकानं त्याला समुद्रात बुडवलं आणि भाग तिथंच संपला. मी भोकाड पसरलं, तशी मावशी माझ्यावर डाफरली, "गप! गावला काय तो? नाय ना? गावला नाय त्याला रडाचं नसतं." पुढच्या रविवारी तो पाण्यातून थेट आकाशात झेपावला आणि आम्ही शिट्ट्या मारत नाचलो. मावशी पाटी उचलून घाईघाईनं निघाली, घरी कुणी येऊन बसलं असावं तशी. परवा बाजारात दिसली. केस पार पांढरे झालेत, मला ओळखलंही नाही. सुकट पिशवीत ओतताना तिच्या बांगड्या वाजल्या. अजून हिरव्याच होत्या.