तबला नसलेला कीबोर्ड

डाव्या खांद्यानं दगा दिला आणि डॉक्टरांनी सांगून टाकलं, पेटीचा भाता मारायचा बंद. आता पेटी म्हटली की भाता आलाच. कसबा बावड्यातल्या आमच्या महिला भजनी मंडळात मी लग्न झाल्यापासून पेटी वाजवते. ती सोडून मागं टाळ कुटत बसणं मला जमणारं नव्हतं. मग सूनबाईनं सुचवलं, कीबोर्ड घ्या, त्याला भाता नसतो.

मंडळात सांगितलं तर सगळ्यांनी वा वा केलं. तबला वाजवणारी तेवढी तबला आवरायला लागली. ही माझी जिवाभावाची मैत्रीण, भजनाला कायम माझ्या शेजारी बसणारी. घरी जाताना चप्पल घालता घालता म्हणाली, "त्यात तबला बी असतोय म्हणं."

"असू दे की."

"असू दे कसा? मग मी काय आरतीचं ताट धरू?"

दुसऱ्या दिवशी ती माझ्याआधी रिक्षात बसलेली. तबला नसलेला कीबोर्ड निवडायला.

राजारामपुरीतला दुकानदार भलताच हौशी. एकेक कीबोर्ड पुढं ठेवायचा आणि म्हणायचा, "मावशी, ह्यात ताल किती आहेत बघा." ही म्हणायची, "ह्यो नको."

"ह्यात तर ढोलकी पण..."

"मग ह्यो तर न्हायच."

शेवटी त्यानं विचारलं, "मावशी, तुम्हाला नक्की पाहिजे तरी काय?"

"ज्यात काय न्हाय असला दाखवा."

त्यानं बिचाऱ्यानं पोरांच्या खेळण्यातला काढला. त्याच्या पट्ट्या इतक्या बारीक, की माझं एक बोट दोन सुरांवर पडायचं. मी वैतागले. खांदा माझा, वाजवायचं मी, आणि नाकं मुरडतेय ही.

मग मी माझ्या मनानं एक निवडला. पट्ट्या पेटीएवढ्या, वीज गेली तर बॅटरीवर चालणारा, काखेत मारून नेता येईल इतका हलका. वाजवून बघायला लागले, तर सवयीनं डावा हात गेला पलीकडं, भाता शोधत. पलीकडं दुकानदाराचं पोट. ते मी चांगलं ढकललं, सोडलं, परत ढकललं. तो आपला हसत उभा, गिऱ्हाईक मोडायचं कसं म्हणून. ही तोंडाला पदर लावून लोटपोट. म्हटलं चला, गेला हिचा राग.

तेवढ्यात त्या शहाण्यानं कीबोर्डातला दादरा ताल सुरू केला. हिचं हसू थांबलं. मान तिरकी करून तिनं तो ऐकला, बराच वेळ ऐकला. मग हळूच म्हणाली, "चुकत न्हाय गं ह्यो. घे." मला भडभडून आलं. पण दुकानात रडायचं कुठं, म्हणून तिच्यावरच खेकसले, की मला अक्कल शिकवू नकोस. आणि घेतला तोच.

गुरुवारी देवळात भजनाला ही बाईसाहेब आली ती हात हलवत. माझ्या शेजारी न बसता मागं भिंतीला टेकून बसली.

"तबला कुठाय?"

"तुझ्यात हाय की."

असला राग आला मला. तालाच्या बटणाला मी बोट लावलं नाही. अभंग सुरू केला आणि मुद्दाम कुठं पळवला, कुठं रेंगाळत ठेवला. बायका भांबावल्या, टाळ कुठंच्या कुठं पडायला लागले. पुढं गाणाऱ्या काकू डोळे वटारून माझ्याकडं बघतायत, मी आपली वाजवतेय. पहिली ओळ तिनं सोसली. दुसरीला कपाळाला आठ्या पडल्या. तिसरीला उठली, बायकांतनं वाट काढत पुढं आली, माझ्या शेजारी फतकल मारली, कीबोर्डचं रिकामं खोकं पुढ्यात ओढलं आणि त्याच्यावरच ठेका धरला. टाळ जागेवर आले. काकूंचा आवाज मोकळा झाला. मीही गुमान नीट वाजवायला लागले.

अभंग संपल्यावर माझ्याकडं न बघताच म्हणाली, "फुडल्या गुरुवारी तबला आणते. तुझ्या एकटीच्या हातात भजन सोडायची सोय न्हाय."