थर्केटलसाहेबांची सॅक्सन भिंत

सिरिल थर्केटलसाहेबांनी इंग्लंडातल्या सफक परगण्यात आयुष्यभर बियाण्यांचा व्यापार केला आणि त्यात कुणाच्या लक्षात राहावं असं काहीही केलं नाही. म्हातारपणी ते ब्रॅमिंगफोल्ड गावच्या चर्चचे विश्वस्त झाले, कारण निवडीच्या सभेला दुसरं कुणी फिरकलंच नव्हतं. साहेबांनी मात्र ती आपल्या योग्यतेची पावती मानली आणि दुसऱ्या दिवसापासून चर्चच्या किल्ल्या खिशात खुळखुळवत गावभर हिंडू लागले.

शेजारच्या थॉर्पलीच्या चर्चला नऊशे वर्षांपूर्वीचा, नॉर्मन काळातला कोरीव दरवाजा होता. तिथले विश्वस्त गॉस्टलिंग भेटतील तिथे त्या दरवाजाचं कौतुक सांगत. एकदा फुलांच्या प्रदर्शनात चहा घेताना ते चारचौघांत म्हणाले, "थर्केटल, तुमच्या चर्चमध्ये जुनं असं काय आहे? तुम्ही सोडून?"

लोक हसले. साहेबांना ते हसू पचलं नाही. नॉर्मनांच्या वरचढ ठरायचं तर त्यांच्या आधीचे सॅक्सनच हवेत, हा हिशेब त्यांनी घरी पोचेपर्यंत मांडला आणि आपल्या चर्चची उत्तरेची भिंत सॅक्सन असल्याचं झोपण्यापूर्वी ठरवूनही टाकलं. गिलावा काढला की आतून सॅक्सन खिडकी निघेल आणि ती शोधणारा म्हणून आपलं नाव माहितीपत्रकात छापलं जाईल, एवढीच त्यांची आता आयुष्याकडून अपेक्षा उरली. आपलं घराणं अस्सल सॅक्सन असंही ते सांगत. थर्केटल हे नाव समुद्रावरून लुटायला आलेल्या डेन लोकांचं आहे, हे त्यांना सांगण्याच्या फंदात कुणी पडलं नव्हतं.

चर्चमधला बाक हलवायचा तरी बिशपच्या कचेरीची परवानगी लागते. पण जुने पाद्री बदलून गेले होते, नवे यायचे होते, आणि मधल्या काळात सगळा कारभार विश्वस्तांकडे होता. साहेबांनी अर्ज केलाच नाही. गिलावा काढणं हा बदल नसून साफसफाई आहे, असा त्यांनी स्वतःपुरता निकाल दिला. वॉल्टर स्पिंक हा गवंडी रोजावर तयार झाला. त्याला भिंत पाडायला सांगितली असती तरी तो तयार झाला असता.

चर्चमध्ये फुलं लावणाऱ्या केरिजबाई तेवढ्या आडव्या आल्या. गावातली जुनी माणसं दारातून आत शिरली की समोरच्या त्या भिंतीकडे बघून मान लववीत. भिंत तर पांढरी कोरी, पण रीत पडून गेली होती.

"कोऱ्या भिंतीला कुणी मान लववत नाही, साहेब," बाई म्हणाल्या. "पूर्वी तिथं काहीतरी असणार."

"होतंच, बाई. सॅक्सन खिडकी," साहेब म्हणाले आणि त्यांनी स्पिंकला खूण केली.

दिवसभर खालचा गिलावा ढिपळ्या-ढिपळ्यांनी कोसळत राहिला. चुन्याच्या सफेदीच्या पापुद्र्यांखाली तांबडा रंग दिसल्यावर स्पिंक थबकला. साहेबांनी ती ओल असल्याचं सांगून काम चालू ठेवलं. आतून निघाल्या त्या ओबडधोबड गारगोट्या, गोठ्याच्या भिंतीत असतात तशाच. ज्यांनी ती भिंत बांधली त्यांनी ती झाकण्यासाठीच बांधली होती.

संध्याकाळी केरिजबाई हातात एक ढिपळी घेऊन साहेबांच्या दारी आल्या. तिच्यावर पाण्यात रोवलेलं उघडं पाऊल होतं आणि बोटांभोवती मासे पोहत होते. बाळ येशूला खांद्यावर घेऊन नदी उतरणारा संत ख्रिस्तोफर तो. त्याचं दर्शन घडलं की त्या दिवशी अवचित मरण येत नाही, अशी जुन्या लोकांची श्रद्धा; म्हणून त्याला दारासमोर रंगवीत. पुढे धर्मसुधारणेच्या काळात अशी चित्रं चुन्याखाली गेली.

"पाय गेले," बाई म्हणाल्या. "पण वरचा गिलावा शाबूत आहे. बाळ अजून भिंतीवर आहे, साहेब. आजच कचेरीला कळवा."

साहेबांनी ढिपळी हातात घेऊन पाहिली. ते चित्र आहे हे त्यांना कळलं, एवढी अक्कल त्यांना होती. कळवलं तर चित्र वाचेल, पण ते फोडणारा म्हणून आपलंच नाव होईल आणि गॉस्टलिंग जन्मभर हसेल, हेही कळलं. या दुसऱ्या गोष्टीचं वजन त्यांना जास्त वाटलं. या कुण्या पोराच्या रेघोट्या असाव्यात, असं म्हणून त्यांनी ढिपळी ठेवून घेतली आणि उद्या काम आहे म्हणत बाईंकडची चर्चची किल्लीही मागून घेतली.

सकाळी त्यांनी स्पिंकला शिडीवर चढवलं.

"वरचंही उतरव," ते म्हणाले. "अर्धवट भिंत बरी दिसत नाही."

"खिडकी काही निघत नाही, साहेब."

"भिंत तर निघते ना? भिंत सॅक्सन आहे."

स्पिंकने खांदे उडवले आणि हातोडा उचलला. साहेब भिंतीकडे पाठ करून पहिल्या बाकावर बसले आणि माहितीपत्रकाचा मजकूर लिहू लागले. मागे गिलावा कोसळत होता. केसांवर चुना पडू लागला तेव्हा त्यांनी टोपी घातली आणि स्वतःच्या नावाचं स्पेलिंग पुन्हा एकदा तपासलं.